राग पिवळा असतो

बाबा संध्याकाळी ड्यूटीवरून आले की तिकिटांची पेटी कोनाड्यात ठेवण्याआधी चपला काढायला दाराशी क्षणभर थांबत. तेवढ्यात माझी धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून त्यांच्याकडे बघून घेई आणि आत येऊन माझ्या कानाशी लागे. "ताई, आज पिवळे आहेत. वही दाखवू नकोस." ती सहा वर्षांची होती, मी अकरा. एसटीच्या खाकी शर्टातले बाबा मला खाकीच दिसत. मी तिला समजावून सांगे, की रागावलं की माणूस लाल होतो, पिवळा होतो तो कावीळ झाली की. ती सगळं ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणे, "पिवळे आहेत." आणि ती म्हणे त्या दिवशी मी गणिताची वही दप्तरातच ठेवून देई, कारण तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

हे पुस्तक म्हणजे तिच्या वह्यांतून निवडलेल्या नोंदी आहेत. दोनशे पानी अकरा वह्या. पहिली १९९९ ची, शेवटची अजून चालू आहे. पुस्तकावर नाव नको, असं तिनेच सांगितलं आणि मी ते पाळलं आहे. प्रस्तावना मी लिहावी हाही तिचाच हट्ट. "मी आतच असते, तू बाहेरून बघितलंयस," एवढंच कारण तिने दिलं.

लोक पहिल्यांदा विचारतात, की तिला माणसाभोवती खरोखरच धूर किंवा प्रकाश दिसतो का. तसं नाही. तिच्या रंगामागे भिंत झाकली जात नाही, कॅलेंडरवरची तारीख पुसट होत नाही. पण तो रंग ती कल्पनेने रंगवतही नाही. एकदा तिने मला विचारलं, "लिंबाच्या लोणच्याचं नाव काढलं की तुझ्या तोंडाला पाणी सुटतं ना? ते तू सोडतेस का?" रंग तसाच येतो. न बोलावता, आणि दर वेळी त्याच जागी, समोरच्याच्या उजव्या खांद्याच्या थोडा वर. ओळखीच्या प्रत्येक माणसाचा एक कायमचा रंग असतो आणि त्यावर त्या त्या वेळच्या भावनेचा रंग चढतो. मी निळी आहे, शाईचं पेन धुतल्यावर वाटीत उरतं त्या पाण्यासारखी. रागाचा पिवळा हा हळदीचा नव्हे, जुन्या पोस्टकार्डाचा. भीती म्हणजे न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावरचा हिरवा कळंक. दुःख गुलाबी, खरचटलेल्या गुडघ्यासारखं. आणि आनंद तपकिरी! याचं मला अजूनही नवल वाटतं. पण तिला विचारा, ती म्हणेल, पहिल्या पावसानंतर अंगण बघितलं नाहीस का कधी?

या सगळ्याला शास्त्रात सिनेस्थेशिया म्हणतात. एका संवेदनेबरोबर दुसरी, जिचा तिथे काही संबंध नाही अशी संवेदना आपोआप जागी होणं. कुणाला अक्षरं रंगीत दिसतात, कुणाला सूर, कुणाला शब्दाची चव लागते. या प्रकाराचं पहिलं वैद्यकीय वर्णन जर्मनीत १८१२ साली गेओर्ग साक्स या तरुणाने आपल्या प्रबंधात केलं. प्रबंधाचा विषय होता त्याचा स्वतःचा आणि त्याच्या बहिणीचा जन्मजात वर्णहीनपणा, त्वचेत आणि केसांत रंगच नसणं. त्यात त्याने जाता जाता लिहून ठेवलं, की अक्षरं, आकडे, आठवड्याचे वार आपल्याला रंग घेऊन येतात. ज्याच्या अंगावर रंग नव्हता त्याच्या मनात ते असे गच्च भरलेले होते, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. पुढे १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी अशा अनेकांची वर्णनं गोळा केली. त्यानंतर मात्र बरीच दशकं शास्त्राने या लोकांकडे पाठ फिरवली. ते सांगतात ते खरं कशावरून, हा प्रश्न सुटत नव्हता.

तो प्रश्न साध्या युक्तीने सुटला. १९८७ साली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्द ऐकून रंग दिसणाऱ्या एका बाईंना शब्दांची लांबलचक यादी दिली, रंग लिहून घेतले आणि बऱ्याच दिवसांनी, पुन्हा चाचणी होणार हे न सांगता, तीच यादी परत दिली. त्यांचे रंग जसेच्या तसे आले. तुम्ही-आम्ही असे शंभर रंग बनवून सांगितले, तर पंधरा दिवसांत आपला गोंधळ उडेल. धाकटीची अशी परीक्षा मी स्वतः घेतली आहे, २००३ साली तिच्या पहिल्या वहीतल्या नोंदी झाकून. कराडच्या आमच्या गल्लीतल्या बेचाळीस माणसांचे रंग तिने न अडखळता सांगितले. दोन ठिकाणी मला फरक वाटला, पण तो माझ्याच वाचण्यातला होता. तिने एका ठिकाणी 'राखी' लिहिलं होतं, मी 'खाकी' वाचलं.

हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये ज्युलिया सिम्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो माणसांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या सुमारे चार जणांमध्ये सिनेस्थेशियाचा कुठला ना कुठला प्रकार आढळला. सर्वांत जास्त आढळले ते वारांचे रंग. धाकटीचा प्रकार, म्हणजे माणूस आणि त्याची भावना रंगात दिसणं, फार थोड्या जणांमध्ये नोंदला गेला आहे. त्यातल्या तीन जणांची ओळख मी इथे करून देते, कारण तिच्या वह्या वाचताना मला त्यांचा फार आधार झाला.

पहिली एक तरुण बाई. लंडनमध्ये जेमी वॉर्ड यांनी २००४ साली तिच्यावर लिहिलं. परिचित माणसांची नावं आणि भावनेने भरलेले शब्द तिला रंग दाखवत. परिचित हा शब्द महत्त्वाचा. अनोळखी माणूस धाकटीच्या लेखीही बहुतेक कोराच असतो. दुसरा स्पेनमधला, शोधनिबंधात त्याचा उल्लेख नुसता 'आर' असा आहे. ओळखीचं माणूस समोर आलं की त्याच्या मनात रंगाने भरलेली एक मानवी आकृती उभी राहते. तिसरा अमेरिकेतला एक तरुण. त्याच्यावर व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास लिहिलं. त्याला चेहऱ्यांभोवती रंगीत प्रभावळ दिसे. या संशोधकांनी चेहऱ्याच्या बाजूला रंगीत अक्षरं दाखवून पाहिली. अक्षराचा रंग आणि प्रभावळीचा रंग एकच असला, की ते अक्षर ओळखणं त्याला जड जाई. म्हणजे ती प्रभावळ त्याच्यापुरती खरी होती.

या तिसऱ्याचं मला विशेष वाटतं ते वेगळ्याच कारणाने. त्याला ॲस्पर्गर सिंड्रोम होता. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे चेहऱ्यावरून ओळखणं त्याला लहानपणापासून अवघड. तेव्हा त्याच्या आईने भावनांना रंगांची नावं देऊन त्या ओळखायला शिकवलं. लोकांना वाटतं, ज्याला दुसऱ्याच्या भावना रंगात दिसतात तो मनकवडा असणार, फार कनवाळू असणार. हा मुलगा तर उलट सांगतो. इथे रंग म्हणजे अंधाऱ्या जिन्यात हाताला लागावा असा कठडा होता.

मग हे जन्मतः येतं की शिकलं जातं? दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. ही गोष्ट घराण्यांतून चालत येते, हे गाल्टन यांच्याही लक्षात आलं होतं. मेंदूत रंग ओळखणारा भाग आणि अंक ओळखणारा भाग जवळजवळ शेजारी आहेत, तिथले धागे एकमेकांत गुंतत असावेत, अशी मांडणी रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये केली. पण २०१५ साली अमेरिकेत एक मजेदार गोष्ट उजेडात आली. अक्षरांना रंग दिसणाऱ्या ६५८८ जणांचे रंग तपासले, तेव्हा त्यातल्या सहा टक्के लोकांचे रंग एका खेळण्याशी जुळले. फ्रिजवर चिकटवायची प्लॅस्टिकची चुंबकी अक्षरं होती ती. त्या खेळण्याच्या भरभराटीच्या काळात जन्मलेल्यांमध्ये तर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे रंग दिसण्याची ओढ आतून येते, पण कुठल्या गोष्टीला कुठला रंग, हे बाहेरून कधीतरी नकळत येऊन बसू शकतं. हे वाचल्यावर आम्ही दोघींनी माळ्यावरचं सगळं जुनं सामान खाली काढलं, अंकलिपी, रंगपेट्या, आईच्या साड्या. जुन्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा तेवढा सापडला, आजोबांचा. त्यांत रागाचं एकही पत्र नव्हतं.

आता आभेबद्दल, म्हणजे माणसाभोवती दिसतं असं म्हणतात त्या तेजोवलयाबद्दल, कारण ते टाळून चालणार नाही. आमच्या घरी लोक यायला लागले ते धाकटी नववीत असताना. शाळेत तिने वर्गशिक्षिकांचं चित्र काढलं, त्यात त्यांच्या खांद्यावर हिरवा कळंक रंगवला, त्यावरून आईला बोलावणं आलं आणि गोष्ट गावभर झाली. मग कुणी आजारी सासऱ्यांना घेऊन आलं, कुणी हरवलेल्या दागिन्याबद्दल विचारायला. एका मावशींनी मुलीसाठी आलेल्या स्थळाला आमच्याकडेच चहाला आणलं. तो बिचारा कप हातात घेऊन बसलेला आणि आत मावशींचं सुरू, "काय दिसतंय गं? कसला रंग?" धाकटी म्हणाली, "काहीच नाही. माझी ओळख कुठे आहे त्यांच्याशी?" मावशी नाराज होऊन गेल्या.

आभा पाहण्याचा जो दावा आज सर्रास केला जातो, त्याचं वाङ्मय बरंचसं थिऑसॉफीतून आलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स लेडबीटर आणि ॲनी बेझंट यांनी रंगीत तक्ते छापले. भक्तीचा रंग अमुक, लोभाचा तमुक, आणि ते सर्वांसाठी तेच. इथेच फरक पडतो. स्पेनमधल्या ग्रनादाच्या संशोधकांनी माणसांचे रंग दिसणाऱ्या चार जणांची वर्णनं घेऊन ती आभेवरच्या पुस्तकांतल्या वर्णनांशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष काढला, की दोन्ही अनुभव एकसारखे नाहीत. सिनेस्थेशियात प्रत्येकाचा तक्ता वेगळा. असे दोघे एकत्र बसले तर एकाच माणसाला एक जांभळा म्हणेल, दुसरा करडा, आणि दोघेही खरं बोलत असतील. रंग त्या माणसातून निघतच नाही. तो बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. त्यातून रोग कळत नाही, चोर सापडत नाही, लग्नं जमत नाहीत. अशी वेगळी जाण असलेल्या मुलांना गादीवर बसवून त्यांच्यापुढे नारळ ठेवणाऱ्यांबद्दल मला अतिशय राग आहे. तो धाकटीला पिवळा दिसत असेल.

'राग' हा शब्दच पाहा ना. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ रंग, तोही तांबडा. मग आसक्ती, प्रेम. गाण्यातला राग तोच, अनुराग तोच, आणि मराठीत येता येता तो संताप झाला. सगळं 'रञ्ज्' या एका धातूतून आलेलं. रंगही त्यातला, रक्तही, मनोरंजनही. विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण दिलेला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरं, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, त्यात तर स्वरांनाही वर्ण आहेत, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा. भरताला किंवा शार्ङ्गदेवाला सिनेस्थेशिया होता असं मी म्हणत नाही. ही सगळ्यांनी मिळून मान्य केलेली व्यवस्था होती, नटाने तोंड रंगवलं की शेवटच्या रांगेतल्यालाही रस कळावा म्हणून. आपणही बोलताना तेच करतो. चेहरा पांढराफटक पडतो, माणूस काळाठिक्कर पडतो, त्याचे रंग काही ठीक दिसत नाहीत. भावना आणि रंग यांची गाठ आपल्या जिभेवर आधीपासून बसलेली आहे. धाकटीची गाठ वेगळ्या जागी बसली, एवढंच. पण ती तिच्या एकटीची आहे, ती दुसऱ्या कुणाला उपयोगी नाही, आणि लहानपणी हे एकटेपण तिला फार लागलं. पाचवी-सहावीपर्यंत तिला वाटत होतं, की सगळ्यांनाच दिसतं, फक्त मोठी माणसं त्याबद्दल बोलत नाहीत.

ती आता एका बँकेत कॅश काउंटरवर आहे. अनोळखी माणसं कोरी, म्हणून काम निभतं. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाले येतात. वर्षानुवर्षांची ओळख, त्यामुळे प्रत्येक जण आपापला रंग घेऊन काचेपुढे उभा. नोटा मोजायच्या, अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि प्रत्येकाच्या खांद्यावरचा रंग येऊ द्यायचा, कारण तो अडवता येत नाही. त्या आठवड्यात घरी आली की ती दिवा न लावता अर्धा तास बसते. तिच्या मुलाला ते माहीत आहे. तो तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतो आणि बाहेर खेळायला जातो.

मला मुख्य सांगायचंय ते आता सांगते. २००९ साली माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मी माहेरी आले. धाकटी धावत आली, दारातूनच तिने माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "ताई सावरलीय. निळीच आहे." तिचं कधी चुकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग मला कुणी काही विचारलंच नाही. जेवण झालं का विचारत, झोप लागली का विचारत, तेवढंच. मीही मुकाट राहिले. तिला जर निळं दिसतंय, तर माझ्या आतलं हे सगळं मीच उगीच मोठं करतेय, असं मला वाटायला लागलं. सोळाव्या दिवशी भांडी विसळता विसळता मी मोरीतच खाली बसले आणि मला उठता येईना. माझा आवाज ऐकून धाकटी आली. नंतर तिने सांगितलं, की तेव्हाही मी तिला निळीच दिसत होते.

तिच्यासाठी तो फार मोठा धक्का होता. तिने महिनाभर वही उघडली नाही. उघडली तेव्हा पहिल्या ओळीत लिहिलं, ताई मला निळी दिसते कारण मला ती निळी हवी असते. शास्त्रज्ञ ज्याला 'रंग बघणाऱ्याच्या डोक्यात असतो' म्हणतात, ते तिला आमच्या मोरीपाशी असं कळलं. रंगात समोरच्याची भावना असते, पण तिच्यात बघणाऱ्याची माया, भीती, सवय मिसळलेली असते, आणि यातलं कुणाचं किती हे रंगावरून सांगता येत नाही. जितकं माणूस जवळचं तितकी भेसळ जास्त.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. या पुस्तकातल्या १९९९ ते २००९ च्या नोंदी भराभर वाचल्यात तरी चालेल. त्या सुंदर आहेत, त्यांत एका तरुण मुलीची नजर आहे, पण त्यांत तीनच रकाने आहेत. तारीख, माणूस, रंग. २००९ च्या दिवाळीनंतर तिने पट्टीने चौथ्या रकान्याची रेघ मारली आणि त्या रकान्यावर लिहिलं, 'विचारलं'. तिथून पुढे सावकाश वाचा. कधी त्या रकान्यात एकच शब्द आहे, कधी पान उलटून पुढे चाललेली हकिगत. कधी रंग आणि उत्तर जुळतं. शेजारच्या आजी हिरव्या, विचारलं तर डोळ्याच्या ऑपरेशनची भीती. अनेकदा जुळत नाही. बँकेतला एक सहकारी तिला वर्षानुवर्षं पोस्टकार्डी पिवळा दिसे आणि ती त्याच्यापासून लांब राही. विचारलं तेव्हा कळलं, की त्याला एका कानाने ऐकू येत नाही, तो सतत कान टवकारून असे म्हणून कपाळाला आठ्या. आणि पुष्कळ ठिकाणी नुसती रेघ आहे, म्हणजे विचारायचा धीर झाला नाही. त्या रेघाही आम्ही छापल्या आहेत.

बाबांची नोंद २०१६ ची आहे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि ते फार बोलत नसत. धाकटी त्यांच्या पायांना तेल लावत होती आणि मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्यूटीवरून आलात की एवढे कशाने चिडलेले असायचात?" त्यांना काही कळेना. चिडलेला? मी? ते बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी आपल्याच पोटऱ्यांकडे बोट दाखवलं. नोंद अशी आहे: बाबा. पिवळे. विचारलं: "पाय दुखायचे गं. दिवसभर उभं राहून. तुम्ही दोघी दाराशी यायचात आणि लगेच आत पळायचात."